जानेवारीतलं गाव

पुण्याहून बीडकडे जायला दोन रस्ते आहेत. एक नगरवरून जातो. दुसरा शिक्रापूरला फुटतो आणि न्हावरा, श्रीगोंदा, जामखेड करत बालाघाटावर चढतो. पहिल्या रस्त्यावर धाबे बरे आहेत, दुसऱ्यावर ऊस आहे. मला पाटोदा तालुक्यातलं एक गाव पाहायचं होतं, आणि जानेवारीत त्या गावाची निम्मी माणसं उसात असतात. म्हणून आधी माणसं आणि मग त्यांचं गाव, असा उलटा प्रवास ठरवला. १७ सप्टेंबर २०२५ पासून नगर ते बीड रेल्वेही धावते आहे. तिची वाट पाहण्यात बीडच्या पिढ्या गेल्या. पण ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड रेल्वेनं जात नाही. ते ट्रकनं जातं नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, आणि त्यात शेळ्या, कोंबड्या, पीठ, सरपण नि लेकरं एकत्रच बसवलेली असतात.

शिक्रापूरच्या आसपासच जातेगाव बुद्रुक आहे. आज तिथं थांबावं असं काही दिसत नाही, पण खेड्यातल्या माणसांचा आणि त्यांच्या पोटापाण्याचा नीट हिशेब ज्या गावांपासून सुरू झाला, त्यांतलं ते एक. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी आधी पिंपळे सौदागरची घरोघर पाहणी केली, ती १९१७ मध्ये पुस्तकरूपानं आली. मग सहकारी कानिटकरांना बरोबर घेऊन त्यांनी जातेगावची केली, ती १९२१ मध्ये. पिंपळ्यात १०३ कुटुंबं होती. नुसत्या जमिनीवर धड जगणारी त्यांत निघाली आठ. जमीन अधिक बाहेरची मजुरी यांवर भागवणारी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांचं कशानंच भागत नव्हतं. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारणा ४० एकरांची होती, १९१४-१५ पर्यंत ती सात एकरांवर आली होती. पिंपळ्याला निदान खडकीचा दारूगोळा कारखाना हाकेवर होता. जातेगावला तसं काही नव्हतं, तिथं १४७ पैकी १२५ कुटुंबं तोट्यात निघाली. त्याच सुमारास, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ आला होता. स्वयंपूर्ण खेडं नावाची जी गोष्ट आपण शाळेत शिकतो, ती त्या वेळच्या कागदांतही सापडत नाही. गाव तेव्हाही बाहेरच्या कमाईवर उभं होतं. पिंपळे सौदागरात आता आयटीवाल्यांचे टॉवर आहेत, त्यामुळे तिथला प्रश्न वेगळ्याच रीतीनं मिटला. बालाघाटावर तो मिटायचा आहे.

श्रीगोंद्याकडे घोड आणि कुकडीच्या कालव्यांचं पाणी दिसायला लागतं आणि दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो. रस्त्यालगतच्या एका पडीक तुकड्यावर कोप्या दिसल्या. कोपी म्हणजे बांबूच्या कमानी, त्यांवर चटई किंवा पाचट, वरून ताडपत्री. आत उभं राहता येत नाही. दारात तीन दगडांची चूल, बाजूला पाण्याचे निळे ड्रम. पाटोदा तालुक्यातली टोळी होती, दहा-बारा कोयत्यांची. टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. मजुरी, उचल, खाडा, सगळा हिशेब कोयत्यावर चालतो.

कामाची रचनाच जोडीची आहे. पुरुष ऊस बुडातून तोडतो. अगदी जमिनीलगत, कारण साखर बुडाच्या कांड्यांत जास्त असते आणि चार बोटं वर तोडला की शेतकरी नि कारखाना दोघंही ओरडतात. बाई मागून ऊस गोळा करते, वाढे म्हणजे शेंडे छाटते, पाचट काढते, मोळी बांधते. मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. यालाच डोकी सेंटर म्हणतात. जिथं बैल लावून टोळी स्वतःच ऊस कारखान्यावर नेते, ते गाडी सेंटर. हल्ली बैलांच्या जागी लहान ट्रॅक्टर नि जुगाडं आलीत. तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन घटतं, साखरही घटते, म्हणून तो शक्यतो दिवसभरात गाळला जावा अशी कारखान्याची घाई असते. ही घाई शेवटी कोपीत येऊन पोचते. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरायचा. स्थानिक मजूर तोडणीला मिळत नाहीत, असं कारखान्यांचे लोक सांगतात. मला वाटतं, मजूर मिळतीलही, पण रात्री दोनला हाक मारली की उठणारा मजूर घरी राहणाऱ्यांत मिळत नाही. तो फडाशेजारीच झोपलेला लागतो.

दुपारी बाराच्या सुमारास फडातून बायका कोप्यांवर परत येत होत्या. पहाटे तीन-साडेतीनला उठून भाकरी-कालवण, पाणी भरणं, धुणं, मग फड, आणि आता जेवून परत भरणी. एक तिशीच्या आतबाहेरची बाई पोराला मांडीवर घेऊन भाकरी खात होती. ‘ताई, किती वर्षं येताय?’ म्हटलं, तर म्हणाली, ‘लगीन झालं तवापासून. त्याच्याआधी आईबापासंगं.’ मधलं एक वर्ष चुकलं होतं, बाळंतपणाचं. त्या वर्षी नवरा अर्धा कोयता म्हणून आला होता आणि घरी बाकी राहिली.

बाकी म्हणजे न फिटलेली उचल. या धंद्याचा कणा उचल आहे. कारखाना किंवा वाहतूक ठेकेदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला. पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखांपर्यंत, कधी त्याहून जास्त. रक्कम पावसाळ्यात नाहीतर दसऱ्याच्या आगेमागे घरात येते आणि बी-बियाणं, दवाखाना, लग्न, घराचा स्लॅब यांत जाते. मग हंगामभर टनामागे मजुरी जमा होत होत ती फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तेव्हा डोकी सेंटरचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. हे दर ठरवणारे लवाद बहुतेक राजकीय पुढारीच. आधी गोपीनाथ मुंडे आणि शरद पवार, नंतर पंकजा मुंडे आणि पवार. जोडीनं दिवसाला दोन टन तोडले, तर जमा होतात ७३२ रुपये. म्हणजे एका माणसाचे ३६६, आणि कामाचे तास मोजायचे नाहीत. लाखाची उचल फेडायला रोज दोन टनांनी साडेचार महिने लागतात. अलीकडे पाऊस बिघडतो, ऊस कमी पडतो, कारखाने वाढलेत, आणि पुष्कळ ठिकाणी हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांतच आटोपतो. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की राहिलेली बाकी पुढच्या सालच्या वहीत जाते.

मुकादमाशी बोलल्यावर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. तोही बहुतेक वेळा त्याच गावचा, त्याच भावकीतला, एकेकाळी स्वतः कोयता चालवलेला. त्याला कमिशन मिळतं, पण उचल घेऊन कोयता पळाला तर कारखान्याला तोंड त्यालाच द्यावं लागतं. ‘साहेब, लोक म्हणतात मुकादम खातो. माझी दीड एकर गेली ह्यात,’ असं तो म्हणाला. ते खरंही असेल. पण वसुलीसाठी माणसं डांबून ठेवल्याच्या तक्रारी पोलिसांत होतात, त्यांत डांबणारा मुकादमच असतो, हेही तितकंच खरं. लाखांचे व्यवहार होतात आणि त्यांना कागद नसतो. एखाद्या वहीतली सही, किंवा कोरा धनादेश, एवढ्यावर सगळं चालतं.

रोकडा पैसा टोळीला मिळतो तो वाढ्यांचा. उसाचे शेंडे वैरण म्हणून विकायचे, आणि त्यातून आठवड्याच्या बाजारचं तेल-मीठ करायचं. बाईच्या हातात थेट येणारा पैसा बहुधा एवढाच, कारण कोयत्याचा हिशेब नवऱ्याच्या नावे असतो.

जामखेड सोडलं की ऊस मागे पडतो. सौताड्याजवळ रस्ता डोंगराला भिडतो. पावसाळ्यात इथं रामेश्वराच्या दरीत विंचरणेचा धबधबा पाहायला गाड्यांची रांग लागते, जानेवारीत दगड दिसतात. वर चढलं की बालाघाटाचं पठार. हलकी, मुरमाड जमीन, ज्वारी गुडघ्या-कमरेला आलेली, तुरीची खळी उरकलेली, बांधाबांधावर सीताफळाची खुरटी झाडं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मांजरा याच तालुक्यात उगम पावते, सिंदफणाही याच डोंगरातली. मांजरेचं पाणी खाली धनेगावच्या धरणात अडतं आणि लातूर शहर ते पितं. (२०१६ च्या उन्हाळ्यात तेही संपलं होतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं.) सिंदफणेचं पाणी माजलगावच्या धरणात. दोन नद्यांचं माहेर असलेल्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतो, कारण पाणी धरायला खोल माती नाही आणि उतार आहे. जिल्ह्याचा पाऊस सरासरीनं साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास सांगतात. सरासरीवर पेरणी करता येत नाही, हे इथल्या कोणालाही विचारा.

गावाचं नाव लिहीत नाही. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या पट्ट्यात अशी कितीतरी गावं आहेत, आणि नाव लिहिलं की ओळखी निघतात. वेशीजवळ मारुती, समोर पार, मग सिमेंटचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. घरं वाईट नाहीत. बरीच स्लॅबची, काही घरकुल योजनेतली, एक-दोन तर शहरी रंगातली. पण एकापाठोपाठ एक कुलपं. काही दारांना कुलपावर बाभळीची काटेरी फांदी लावून ठेवलेली, शेळ्या-कुत्र्यांनी ओटा घाण करू नये म्हणून. एका अख्ख्या आळीत एकच चूल पेटलेली दिसली.

तिथं एक आजी होत्या. पाच नातवंडं, दोन वासरं आणि शेजारच्या तीन घरांच्या किल्ल्या, एवढा त्यांचा कारभार. पोरांना सकाळी शाळेत घालायचं, जनावरांना पाणी, शेतातल्या ज्वारीची पाखरं राखायची, रात्री दारं तपासायची. ‘म्हातारपणी आराम न्हाई व्हय आजी?’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘हे कामाय का? काम तर लेकरं करायलीत तिकडं.’ जनगणनेचा प्रगणक आला तर त्यांच्या रकान्यातही हेच भरणार. घरकाम आणि नातवंडं राखणं हे मोजणीत काम धरत नाहीत. राखणीचं, जनावरांचं काम धरायचं की नाही, ते विचारणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून. आजी ‘काही करत नाही’ म्हणतील आणि तो पुढच्या घराकडे वळेल. त्याला तरी काय दोष द्यायचा.

शाळेच्या एका खोलीत हंगामी वसतिगृह चालतं. आई-बाप गेले तरी पोरांनी गावातच राहावं, म्हणून हंगामापुरतं दोन वेळचं जेवण, शाळा व्यवस्थापन समितीच्या मार्फत. रात्री बहुतेक मुलं आजी-आजोबांकडेच झोपतात. योजना साधी आहे आणि जिथं मन लावून चालते तिथं तिचा फरक पडतो, हे मास्तरांच्या बोलण्यातून कळत होतं. अडचण दोन वयांची. सहाच्या आतलं पोर मागे ठेवता येत नाही, ते कोपीत जातं. आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी मागे ठेवायला आई-बाप धजत नाहीत. तीही मग कोपीत जाते, धाकट्याला सांभाळते, स्वयंपाक शिकते. दोन-तीन हंगामांत तिचं लग्न होतं आणि नवा कोयता तयार होतो. तरुण मुलाला अर्ध्या कोयत्याची उचल मिळते, जोडीला पुरी. लग्नं लवकर होण्यामागे रूढी आहे, सुरक्षिततेची भीती आहे, आणि हा हिशेबही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं काढण्याचा निर्णय सरकारनं २०२१ मध्ये घेतला. निम्मी त्यांत मुलींची. प्रश्न नेमका त्याच वयाचा असल्यामुळे मुलींच्या वसतिगृहांकडे आधी लक्ष द्यायला हवं होतं.

बीडचं नाव २०१९ मध्ये देशभर गेलं ते गर्भाशय काढलेल्या बायकांमुळे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. बातम्यांत ‘पाळी नको म्हणून पिशवी काढतात’ एवढंच आलं. त्याच्या अलीकडची साखळी लांब आहे. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पांढरं जातं, अंगावर काढतात, पट्टा पडल्यावर गावी येऊन खासगी दवाखाना, तिथं कॅन्सरची भीती, आणि पुन्हा उचल. दिवस बुडाला तर खाडा पडतो, म्हणून हंगामात दवाखाना नसतोच.

पारावर एक आबा भेटले. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, आता डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांना विचारलं, आबा, हे कधीपासून? ते दुष्काळापासून सांगू लागले. इकडे दुष्काळ म्हटलं की १९७२ चा. खडी फोडली, नाला-बांध केले, सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला. त्याच दुष्काळी कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांची ती कल्पना, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे देशाच्या २००५ च्या कायद्याला तिचाच नमुना होता. पण त्याच वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने वाढत होते. १९५० ला प्रवरानगरचा पहिला, मग एकामागून एक. तिकडे ऊस होता, इकडे माणसं होती. आबा पहिल्यांदा गेले ते बैलगाडी घेऊन, दहा-बारा दिवस चालत.

‘मग आबा, रोजगार हमी असताना तिकडं कशाला जायचं?’ हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला. आबांनी दिलेलं उत्तर मला कुठल्याही अहवालापेक्षा नेमकं वाटलं. ‘हमीचा पैसा काम केल्यावर येतो. उचल कामाच्या आधी येती.’ पेरणी, दवाखाना, लग्न, यांतलं काहीही काम केल्यानंतरच्या पैशासाठी थांबत नाही. एकरकमी लाख रुपये कोरडवाहू तीन एकरवाल्याला बँक देत नाही, पतसंस्था देत नाही, सावकार देईल तर व्याजानं. मुकादम देतो, आणि तारण म्हणून फक्त पुढचे पाच महिने मागतो. बिनव्याजी दिसणारं हे कर्ज कसं महाग आहे ते सगळ्यांना कळतं. पण दुसरं मिळत नाही.

गावात कोण राहतं, हेही पाहण्यासारखं आहे. विहिरीला पाणी असणाऱ्या चार-सहा घरांचे लोक, कांदा आणि दुधावर चाललेले. दूध संकलनवाला. किराणा दुकानदार, त्याची उधारीची वही दसऱ्याला मिटते आणि वैशाखात पुन्हा भरायला लागते. पोलीस नि सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं. एकानं जेसीबी घेतलाय, तो आणि त्याचे दोन भाऊ कर्नाटकापर्यंत कामं करतात. काही जण चाकण-वाघोलीला कंपन्यांत. हे तरुण उसाला जाणार नाहीत, आणि तसं ते उघड सांगतात. तोडणी यंत्रं आता वाढत आहेत, सरकार त्यांना चाळीस टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ३५ लाखांचं अनुदान देतं. एक यंत्र कितीतरी कोयत्यांचं काम करतं. ऊसतोड सुटावी असं गावातल्या प्रत्येकाला वाटतं. ती पोरांच्या शिक्षणानं सुटेल की यंत्रानं, यावर मात्र पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि यंत्र घेणारा माणूस या गावचा नसणार.

आता माझ्या मूळ कामाकडे येतो. मला गावची लोकसंख्या हवी होती. ग्रामपंचायतीच्या फलकावर एक आकडा रंगवलेला होता, २०११ च्या जनगणनेचा. मतदार यादीवरून हिशेब केला तर माणसं त्याहून बरीच जास्त निघत होती. रेशनच्या यादीत तिसराच आकडा. पंधरा वर्षांत वाढ होणारच, हे धरूनही मेळ बसेना.

त्याचं एक कारण कॅलेंडरात आहे. २०११ ची माणसांची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, पुढचे पाच दिवस फेरतपासणीचे. आपल्या जनगणनेचा नियम असा, की नेहमीच्या घरी त्या काळात माणूस एकदाही हजर नसेल तर त्याला तिथं मोजायचं नाही, जिथं सापडेल तिथं मोजायचं. फेब्रुवारीत बालाघाटातला ऊसतोड कामगार सापडणार तो सांगलीत, कोल्हापुरात, श्रीगोंद्यात, नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटला. नियम पाळला, तर तो कर्नाटकाच्या लोकसंख्येत गेला. न पाळला, म्हणजे आजींनी भोळेपणानं सगळी नावं सांगितली आणि प्रगणकानं लिहून घेतली, तर गावात आला, आणि कदाचित तिकडेही आला. कोपीपर्यंत कोणी पोचलंच नाही नि इकडे आजीही घरी नव्हत्या, तर कुठंच नाही. बीड जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २५,८५,०४९. हा आकडा शेवटच्या माणसापर्यंत छापलेला पाहिला की मला फडातल्या कोप्या दिसतात. याच जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी. राज्याचा आकडा ८९४ होता. फडात गेलेली लेकरं कुठं मोजली गेली, हा प्रश्न विचारला म्हणून त्या ८०७ चं गांभीर्य कमी होत नाही. मुलगे नि मुली कोपीत सारखेच जातात.

कामाच्या रकान्यातही असंच. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांत. मग त्याचा प्रकार: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगवाला किंवा इतर. तीन एकरांचा मालक, जो जून ते दसरा स्वतःच्या रानात बाजरी-तूर-कापूस करतो आणि दिवाळीपासून मार्चपर्यंत दुसऱ्याचा ऊस तोडतो, तो कोण? महिने मोजले तर कधी हा, कधी तो. विचारलं तर तो ‘शेतकरी’ म्हणतो, कारण सातबारा त्याच्या नावावर आहे. कागदोपत्री हे गाव शेतकऱ्यांचं गाव आहे. गावात वर्षाकाठी येणाऱ्या रोख पैशाचा मोठा हिस्सा ज्या कामातून येतो, त्याला त्या तक्त्यात स्वतःची ओळ नाही.

पुढची जनगणना २०२७ ची, संदर्भ दिवस १ मार्च. म्हणजे पुन्हा फेब्रुवारी. हिमाच्छादित भागांसाठी वेगळी तारीख ठेवलेली आहे, ऑक्टोबर २०२६ ची, कारण फेब्रुवारीत तिथं पोचता येत नाही. बालाघाटात पोचता येतं. दार ठोठावलं तर उघडायला कोणी नसतं, एवढंच.

ग्रामसेवक कार्यालयात भेटले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेची नोटीस लिहीत होते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी असतील तेवढे लोक लागतात. ‘जानेवारीत शंभर माणूस कुठून आणू? तहकूब करायची आणि पुन्हा घ्यायची,’ ते म्हणाले. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. १ मे ची सभा मात्र भरते, भांडणंही तिथंच होतात.

त्यांच्या टेबलावर दुसरी फाइल होती ती टंचाई आराखड्याची. एप्रिल ते जूनला टँकर लागणार, त्याचा प्रस्ताव आत्ताच तयार ठेवायचा. टँकर माणशी वीस लिटरच्या हिशेबानं मिळतो, त्यामुळे माणसं किती दाखवायची हा प्रश्न आलाच. २०१९ च्या दुष्काळात राज्य सरकारनंच २०११ चा आकडा सोडून २०१८ ची लोकसंख्या धरा असा आदेश काढला होता, म्हणजे ही अडचण मंत्रालयापर्यंत पोचलेली आहे. पट्टा पडला की मार्च-एप्रिलात ट्रक परत येतात. कुलपं निघतात, जत्रा होते, लग्नं लागतात, पाहुणे येतात. वर्षात गाव सगळ्यात भरलेलं असतं ते त्याच दिवसांत, आणि विहिरी तळाला जातात त्याही त्याच दिवसांत. शिवाय परत आलेली जनावरं, ती माणशी वीस लिटरमध्ये बसत नाहीत.

‘मग आकडा कुठला लिहिता?’ मी विचारलं.

त्यांनी फलकावरचा आकडा खोडून मतदार यादीवरून काढलेला लिहिला होता, आणि त्याखाली, तहसीलमधून विचारणा झाली तर दाखवायला, कुलूपबंद घरांची पेन्सिलीनं लिहिलेली यादी जोडली होती. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं, लेकरं, कुठल्या कारखान्याला गेलेत, केव्हा येणार. दोन पानं भरून. गावच्या लोकसंख्येचा मला मिळालेला सगळ्यांत खरा कागद तोच, आणि तो कुठल्याही नमुन्यात बसत नाही म्हणून फाइलच्या आत टाचणीनं लावलेला होता.